पंच म्हणून मी पाहिलेला ठसा

२०१७ च्या मे महिन्यात एका खुनाच्या तपासात मी सरकारी पंच होते, म्हणजे पोलीस घटनास्थळी जे पाहतात आणि जप्त करतात त्याची साक्षीदार. तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या एका पंचायत समितीत मी कनिष्ठ सहाय्यक होते. खटला चालला, निकाल लागला, आता अपील उच्च न्यायालयात आहे. त्यामुळे गावाचं नाव, माणसांची नावं आणि ओळख पटेल असं काही मी लिहिणार नाही. मला लिहायचंय ते बोटाच्या ठशाबद्दल. खून झालेल्या घरातून एक ठसा न्यायाधीशांच्या टेबलापर्यंत कसा जातो, हे मी जवळून पाहिलं. त्या वाटेवर प्रयोगशाळेइतकंच वजन साध्या कागदांना, दोऱ्याला, लाखेला आणि पंचाच्या सहीला असतं, हे तेव्हा कळलं. 'शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये' असं आपण लहानपणापासून ऐकतो. ती पायरी चढल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

गंभीर गुन्ह्यात सरकारी कर्मचाऱ्यांना पंच म्हणून घ्यायची पद्धत आपल्याकडे आहे. रस्त्यावरचा पंच पुढे कोर्टात फितूर होतो, किंवा पत्ता बदलून सापडतच नाही, म्हणून. पोलीस ठाण्याचं पत्र बीडीओ साहेबांच्या नावे आलं. मयत बाईमाणूस होती, म्हणून एक तरी महिला पंच द्यावी असं त्यात होतं. साहेबांनी मला आणि तालुक्यातल्याच एका ग्रामसेवकांना पाठवलं. ग्रामसेवकांना सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांनी याआधीही पंच म्हणून काम केलेलं होतं. गाडीत बसताना त्यांनी एवढंच सांगितलं, "मॅडम, जे डोळ्यांनी दिसेल तेवढंच लिहू द्यायचं, आणि वाचल्याशिवाय सही करायची नाही. साहेब कितीही घाईत असोत."

घर गावाच्या कडेला. सत्तरीच्या आजी एकट्याच राहायच्या, मुलगा मुंबईला. सकाळी दूध घालायला आलेल्या माणसाला दार उघडं दिसलं, त्यानं शेजारच्या काकूंना हाक मारली. मरणोत्तर पंचनाम्याबद्दल मी फार लिहीत नाही. गळा आवळलेला होता. अंगावरचं सोनं नव्हतं. आधी फोटो झाले, मग श्वान पथक. कुत्रं मागच्या दारानं परसात गेलं, तिथून डांबरी रस्त्यापर्यंत आणि तिथेच थांबलं. मग जिल्ह्याहून ठसेतज्ज्ञ आले, आणि खरं काम सुरू झालं.

ते मध्यम वयाचे, अतिशय हळू बोलणारे गृहस्थ होते. आत पाऊल टाकायच्या आधी त्यांनी दारातच विचारलं, "सकाळपासून आत कोण कोण आलं? कुणी कशाला हात लावला?" दूधवाला, काकू, पहिल्यांदा पोचलेले हवालदार, डॉक्टर अशी सगळी नावं त्यांनी लिहून घेतली. मग आम्हा दोघांकडे वळून म्हणाले, "ताई, भाऊसाहेब, हात मागे बांधून उभे राहा. कुणी पाणी दिलं तरी आत घेऊ नका. बाहेर जाऊन प्या." 

पोलीस ज्याला चान्स प्रिंट म्हणतात, तो हा अनवधानानं राहिलेला ठसा. बोटाच्या रेघांवर घामाची बारीक छिद्रं असतात. घाम बहुतेक पाणीच, त्यात थोडे क्षार आणि अमिनो आम्लं, शिवाय चेहऱ्याला-केसांना हात लागून बोटांवर आलेला तेलकटपणा. गुळगुळीत वस्तूला बोट लागलं की रेघांचा आराखडा तिथे उतरतो, पण डोळ्यांना दिसत नाही. ठसेतज्ज्ञांनी खोलीतला दिवा बंद करायला सांगितला आणि बॅटरी अगदी तिरपी धरून कपाटाच्या दारावरून फिरवली. सरळ उजेडात कोरं दिसणारं दार तिरप्या उजेडात बोटांच्या डागांनी भरून गेलं. त्यातले बहुतेक डाग फरपटलेले, एकावर एक पडलेले. "यातलं बरंचसं घरच्यांचंच असणार," ते म्हणाले. "आणि जे राहील त्यातलंही बरंच वाचता येणार नाही."

कपाट गडद रंगाचं होतं, म्हणून तिथे त्यांनी करडी, ॲल्युमिनियमची भुकटी वापरली. पांढऱ्या, फिकट वस्तूंसाठी काळी. केसाळ, अतिशय मऊ ब्रश. चिमूटभर भुकटी ब्रशच्या टोकाला घेऊन ती पृष्ठभागावर जवळजवळ न टेकवता फिरवायची. एखादी रेघ दिसायला लागली की ब्रश रेघांच्या वळणानं न्यायचा, आडवा नाही, नाहीतर रेघा भरून जातात. ठसा उमटला की शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो. मग पारदर्शक चिकटपट्टी त्यावर एका बाजूनं हळूहळू बसवायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि उचलून कार्डावर लावायची. कार्डावर गुन्हा क्रमांक, तारीख, कुठल्या वस्तूवरून, वस्तूच्या कुठल्या भागावरून. खाली त्यांची सही आणि आम्हा दोघांची. प्रत्येक कार्डावर एक बाणही काढलेला होता. ठशाची वरची बाजू वस्तूच्या कुठल्या दिशेला होती, ते दाखवायला. त्या बाणाचं महत्त्व मला पुढे कोर्टात कळलं.

कागदावर भुकटी चालत नाही, हेही तिथेच समजलं. कागद घाम शोषून घेतो. कपाटातल्या बँकेच्या पासबुकाची पानं त्यांनी चिमट्यानं उचलून कागदी पाकिटात घातली. त्यावर निनहायड्रिन नावाचं रसायन मारतात, घामातल्या अमिनो आम्लांशी त्याचा संयोग झाला की जांभळे ठसे दिसतात. प्लास्टिकच्या काही वस्तूंवर चटकन चिकटणाऱ्या गोंदाची वाफ देतात, तो गोंद ठशाच्या रेघांवर पांढरा जमतो. हे सगळं प्रयोगशाळेचं काम.

आमच्या खटल्यातली वस्तू मात्र परसात सापडली. मागच्या दाराबाहेर न्हाणीघराच्या वाटेवर एक होल्डर होता, त्यात बल्ब नव्हता. बल्ब धुण्याच्या दगडाच्या मागे, भिंतीला टेकवून ठेवलेला होता. साधा एलईडी बल्ब. फुटलेला नाही, फेकलेला नाही, काढून नीट ठेवलेला. तपासी अधिकारी त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिले. अंधार करून कुणीतरी थांबलं होतं, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या मनात एकदमच आलं असणार. पण पंचनाम्यात तसं काही लिहिलं नाही. होल्डर रिकामा आहे, बल्ब अमुक ठिकाणी अमुक अंतरावर आहे, एवढंच लिहिलं. अंदाज बांधणं पंचाचं काम नाही.

ठसेतज्ज्ञांनी बल्ब खालच्या धातूच्या टोपणाला, पिनांपाशी दोन बोटांत धरून उचलला. अधिकारी मला म्हणाले, "ताई, त्यावर जे जे लिहिलंय ते मोठ्यानं वाचा." मी वाचलं. कंपनीचं नाव, वॅट, आणि टोपणाजवळ पांढऱ्या भागावर निळ्या मार्करनं हातानं लिहिलेली तारीख, २२/३/१७, आणि तिच्या खाली गिचमीड सही. आपल्याकडे वॉरंटीसाठी दुकानदार बल्बवर तारीख टाकून देतात, तशी. लिहिणाऱ्या हवालदारांनी ती जशीच्या तशी पंचनाम्यात उतरवली. सह्या करायच्या आधी मी पंचनामा वाचला तेव्हा ती ओळ मी बोट ठेवून पुन्हा तपासली. कार्यालयात रोजगार हमीची मस्टरं तपासून तपासून आकड्यावर बोट ठेवून वाचायची सवय हाताला होती.

बल्ब पांढरा, म्हणून काळी भुकटी. एका बाजूला अंगठ्याचा आणि दुसऱ्या बाजूला दोन बोटांचे ठसे उमटले. अंगठ्याचा स्पष्ट, बोटांपैकी एकाचा अर्धवट, एक फरपटलेला. गोल पृष्ठभाग म्हणून फोटो निरनिराळ्या कोनांतून घेतले. मग बल्ब बांधायचा प्रश्न. मला वाटलं कापसात गुंडाळतील. ठसेतज्ज्ञ म्हणाले, "कापूस घासला की ठसा गेला." प्लास्टिकची पिशवीही नको. पुठ्ठ्याच्या खोक्यात जाड पुठ्ठ्याची आडवी पट्टी बसवली, तिला भोक पाडून बल्बचं टोपण त्यात अडकवलं, म्हणजे बल्बची बाजू कशालाच टेकणार नाही. खोक्याला दोरा, गाठीवर लाख, लाखेवर पोलीस ठाण्याचा पितळी शिक्का. शिक्क्याचा नमुना वेगळ्या कागदावर. लेबलावर पुन्हा सह्या. मे महिन्याच्या त्या उन्हात लाख तापवायला मेणबत्ती पेटवून बसलेले हवालदार घामानं निथळत होते, तरी प्रत्येक पाकिटाला तोच क्रम त्यांनी पुन्हा केला.

दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांचे ठसे घेतले. घरात ज्यांचे ठसे असणं साहजिक आहे त्यांचे ठसे आधी बाजूला काढावे लागतात. आजींचे शवागारात घेतले होते. मुलगा, सून, काकू, दूधवाला, हवालदार, डॉक्टर, आणि आम्ही दोघं पंचही. काचेवर काळी शाई, त्यावर रबरी रूळ फिरवून पातळ थर. "हात सैल सोडा. तुम्ही जोर लावू नका, मी फिरवतो," असं म्हणत एकेक बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लोळवत घेतात, मग चारही बोटं एकत्र सपाट दाबून. 

शेजारच्या काकूंच्या वेळी अडचण आली. आयुष्यभर उसाच्या, भुईमुगाच्या रानात राबलेले हात. रेघा जवळजवळ झिजलेल्या. "माझं आधारचं यंत्रपण घेत नाही, रेशनला लई त्रास होतो," त्या म्हणाल्या. त्यांना हात धुवायला लावून, पुसून, शाई अगदी पातळ करून, घाई न करता ठसे घेतले. मी त्या काळ्या अंगठ्यांकडे बघत बसले. माझ्या नोकरीत मी किती अंगठे पाहिले असतील! मस्टरवर, ठरावाच्या रजिस्टरवर, अर्जांवर, 'नि. डा. हा. अं.' असं लिहून शेजारी उमटवलेली निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची. अंगठा म्हणजे ज्याला सही येत नाही त्याची खूण, एवढंच आम्ही मानत आलो. अशा अंगठ्यावर कुणाची जन्मठेप अवलंबून असू शकते, हे कधी मनात आलं नव्हतं.

आरोपी ठशावरून सापडला नाही, हेही सांगायला हवं, कारण यंत्रात ठसा घातला की आरोपीचा फोटो समोर येतो, असं लोकांना वाटतं. नोंदीत आधीपासून ज्याचे ठसे आहेत तोच सापडतो. या माणसावर पूर्वीचा गुन्हा नव्हता. तो सापडला सोन्याच्या मागावरून. सराफाकडे गहाण पडलेली बोरमाळ आजींच्या सुनेनं ओळखली. अटकेनंतर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या परवानगीनं त्याचे ठसे घेतले, तेव्हा बल्बवरचा अंगठा त्याच्या उजव्या अंगठ्याशी जुळला.

मग लांबलचक शांतता. खटला उभा राहायला वेळ लागला, मध्ये कोरोना आला. समन्स आलं तेव्हा माझी दुसऱ्या तालुक्यात बदली झालेली होती. भाऊसाहेब निवृत्त झाले होते. साक्षीच्या आधी सरकारी वकिलांनी पंचनाम्याची प्रत वाचायला दिली. मी म्हटलं, सर, ठसा जुळलाय ना, मग पंचांची एवढी काय गरज? ते बाकावर बसले आणि मला राजस्थानातल्या एका खटल्याबद्दल सांगू लागले. खून आणि चोरीचा गुन्हा, घरातल्या पितळी भांड्यावर आरोपीच्या बोटाचा ठसा मिळाला, तज्ज्ञांनी तो जुळवला, खालच्या न्यायालयात शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयानं १९९७ साली आरोपींना सोडलं. जप्त केलेल्या वस्तू तपासणीला पोचेपर्यंत त्यांच्याशी कुणी छेडछाड केली नाही हे सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नव्हतं, आणि आरोपीचे नमुन्याचे ठसे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर किंवा त्यांच्या आदेशानं घेतलेले नव्हते. "ठसा खोटा होता असं कोर्ट म्हणालं नाही, मॅडम," वकील म्हणाले. "ठसा घरापासून ठसे तपासणाऱ्या ब्युरोपर्यंत कसा आला ते कुणी सांगू शकलं नाही. आपल्या केसमध्ये त्यातली पहिली कडी तुम्ही आहात." 

ते ऐकल्यावर मी पंचनामा पुन्हा पहिल्यापासून वाचला.

शपथ झाली. वकिलांनी विचारलं तसं मी सांगत गेले, न्यायाधीश लघुलेखकाला सांगत गेले. मग खोकं समोर आलं. लेबल पिवळं पडलेलं. त्यावरची सही माझी, शेजारची भाऊसाहेबांची. "बल्ब तोच आहे का?" "हो." "कशावरून सांगता?" मी मार्करची तारीख सांगितली. न्यायाधीशांनी बल्ब हातात घेऊन ती तारीख स्वतः पाहिली.

उलटतपास कठीण होता, पण आरोपीच्या वकिलांनी माझ्याशी उद्धटपणा केला नाही. त्यांचं काम ते करत होते आणि ते चोख करत होते. पंचनामा पोलीस ठाण्यात बसून लिहिला आणि तुम्ही नंतर सही केलीत, हे खरं आहे का? खरं नाही. तुम्ही सरकारी नोकर असल्यानं वरिष्ठांच्या सांगण्यावरून आलात? वरिष्ठांच्या पत्रावरून आले, पण सांगतेय ते पाहिलेलं. खोलीत किती खिडक्या होत्या? कपाटाचं दार डावीकडे उघडतं की उजवीकडे? बल्ब कुणी उचलला, कुठे धरून? हातमोजे होते का? मला खिडक्यांची संख्या आठवेना, तेव्हा मी आठवत नाही असंच सांगितलं. आठवत नसताना आकडा ठोकून द्यायचा नाही, हे भाऊसाहेबांनी आदल्या रात्री फोनवर बजावलं होतं. शेवटी आरोपीचे वकील म्हणाले, "ती तारीख नंतर घातली गेली असं मी म्हणतो." मी म्हटलं, "खरं नाही. मी ती मोठ्यानं वाचली होती आणि ती पंचनाम्यात लिहिलेली आहे."

साक्ष संपल्यावर पुढच्या तारखांना कोर्टात बसायला मला हरकत नव्हती. मी रजा काढून ठसेतज्ज्ञांची साक्ष ऐकायला गेले. पुकारा व्हायची वाट बघत आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. त्यांना ओळख पटली, मग ते आपल्या विद्येबद्दल भरभरून बोलले. बोटांवरच्या रेघा आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि जुळ्या भावंडांच्याही वेगळ्या असतात. लहानपणी आपण मोजतो ती शंख-चक्रं म्हणजे नुसते ढोबळ आकार. जगात बहुसंख्य बोटांवर शंखासारखे फास, त्याखालोखाल चक्रं, कमानी फार थोड्या. चक्रावरून माणूस ओळखता येत नाही. ओळख पटते ती रेघेच्या बारकाव्यांवरून, कुठे रेघ अचानक संपते, कुठे तिला फाटा फुटतो, कुठे छोटंसं बेट तयार होतं, आणि या खुणा एकमेकींपासून किती रेघांवर आहेत.

आणि ही विद्या किती आपली आहे! १८५८ साली बंगालमधल्या एका इंग्रज अधिकाऱ्यानं, विल्यम हर्शेलनं, कंत्राटदाराकडून करारावर हाताचा ठसा घेतला. पुढे १८९७ साली कलकत्त्यात जगातलं पहिलं अंगुली मुद्रा केंद्र निघालं. ठशांचं वर्गीकरण बंगालच्या पोलिसांचा प्रमुख एडवर्ड हेन्री याच्या नावानं ओळखलं जातं, पण त्यामागचं गणित काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांनी बसवलं. संगणक येण्याआधी जगातल्या अनेक देशांत ठशांच्या पत्रिका त्या पद्धतीनं लावल्या जात. साहेबाच्या नावाखाली झाकलेली ही दोन नावं आपल्या शाळांत का शिकवत नाहीत, हा प्रश्न मला तेव्हापासून सतावतो.

ठसेतज्ज्ञांनी सांगितलेली बंगालमधल्या जलपायगुडीची गोष्ट मात्र मला थेट आमच्या खटल्याला लागू वाटली. तिथल्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला होता. पेटी फोडलेली, आणि त्यातल्या बंगाली पंचांगावर तपकिरी डाग. त्यातला एक डाग त्याच्याकडे पूर्वी कामाला असलेल्या, चोरीची शिक्षा भोगलेल्या नोकराच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. १८९८ मध्ये न्यायालयानं त्या माणसाला चोरीबद्दल दोषी धरलं, पण खुनातून सोडलं. पेटीला त्याचा हात लागला हे ठशानं सांगितलं, खून त्यानंच केला हे ठशानं सांगितलं नाही. त्याच्या थोडं आधी, १८९२ साली, अर्जेंटिनात नेकोचेआ इथे दोन मुलांच्या खुनात आईच्याच रक्ताळलेल्या अंगठ्याचा ठसा दाराच्या चौकटीवर मिळाला आणि तिनं कबुली दिली. तिथे ठसा रक्तातच उमटलेला होता, म्हणून तो खुनाच्या वेळेला बांधलेला होता. घामाच्या ठशाला अशी वेळ चिकटलेली नसते.

आरोपीच्या वकिलांनी नेमका तिथेच हात घातला. "ठसा किती दिवसांपूर्वीचा आहे ते तुम्ही सांगू शकता?" "नाही. ते खात्रीनं सांगण्याचं शास्त्र नाही." "म्हणजे तो सहा महिन्यांपूर्वीचाही असू शकतो?" "असू शकतो." कोर्टात कुजबुज झाली. बचावाचं म्हणणं असं होतं की आरोपी रंगारी आहे, २०१६ च्या दिवाळीआधी त्यानं आजींच्या घराला रंग दिला होता, तेव्हा भिंत रंगवताना त्यानं बल्ब काढला. म्हणणं अगदी पटण्यासारखं होतं. रंग दिल्याचं आजींच्या मुलानंही कबूल केलं.

आणि मग सरकारी वकिलांनी दुकानदाराला पुकारलं. बल्बवरची तारीख त्याच्या हातची. २२ मार्च २०१७ ला त्यानं तो बल्ब आजींना विकला, वहीत नोंद होती. दिवाळीला तो बल्ब त्या घरात नव्हताच, तो दुकानाच्या फळीवर होता. ठशाला तारीख नसते, पण बल्बला होती. दिवाळीनंतर आपण त्या घरी गेलोच नाही, असं आरोपीनं आधीच सांगून ठेवलं होतं. तिथे तो अडकला.

बाणाचं कामही त्याच साक्षीत दिसलं. कार्डावरच्या बाणावरून ठसेतज्ज्ञांनी दाखवलं की अंगठा आणि बोटं टोपणाच्या दिशेनं वर वळलेली आहेत. म्हणजे खाली लोंबणारा बल्ब खालून हात घालून पकडलेला. दुकानातल्या फळीवरून किंवा खोक्यातून उचलताना अशी पकड सहसा बसत नाही. मोठ्या केलेल्या दोन फोटोंवर लाल शाईनं आकडे टाकून त्यांनी एकेक जुळणारी खूण समजावली. न्यायाधीश भिंग घेऊन बघत होते, आणि न जुळणारी एखादी खूण आहे का, हेही त्यांनी स्वतः विचारलं. मला तो प्रश्न फार मोलाचा वाटतो. स्कॉटलंडमध्ये किलमार्नॉकला १९९७ साली एका बाईंचा खून झाला, तेव्हा चौकटीवरचा ठसा एका महिला पोलिसाचा आहे असं तज्ज्ञांनी ठामपणे सांगितलं. ती आपण आत गेलोच नाही असं म्हणत राहिली, तिच्यावरच खोट्या साक्षीचा खटला झाला. १९९९ मध्ये ती निर्दोष सुटली, आणि २०११ च्या चौकशी अहवालानं ठसा तिचा नव्हताच असं सांगितलं. रेघा खोटं बोलत नाहीत हे कबूल, पण त्या वाचणारा माणूस असतो. दुसऱ्या तज्ज्ञानं स्वतंत्रपणे तपासणं, न जुळणाऱ्या खुणा शोधणं, हे सोपस्कार म्हणून उरकायचं काम नव्हे. एखाद्याचं आयुष्य त्यावर असतं.

निकालपत्रात बल्बसाठी काही परिच्छेद आहेत. ठसेतज्ज्ञाचं मत पुरावा कायद्याच्या कलम ४५ खालचं मत आहे, एकट्या त्याच्यावर खुनाची शिक्षा उभी राहत नाही, असं न्यायाधीशांनी स्पष्ट लिहिलं. आरोपी २२ मार्चनंतर त्या परसात गेला होता आणि त्यानं तो बल्ब हाताळला, इतकंच ठशावरून सिद्ध मानलं. बाकीच्या कड्या म्हणजे गहाण पडलेली बोरमाळ, आरोपीनं काढून दिलेल्या बांगड्या, त्या रात्रीचं फोनचं ठिकाण. सगळ्या मिळून साखळी पुरी होते, म्हणून जन्मठेप. पंच क्रमांक एकची साक्ष विश्वसनीय आहे, असं एक वाक्यही त्यात आहे. आजींच्या मुलानं बाहेर येऊन मला आणि काठी टेकत आलेल्या भाऊसाहेबांना नमस्कार केला. काय बोलावं ते आम्हाला सुचलं नाही.

आता कायदे बदलले आहेत. कैद्यांच्या ओळखीचा १९२० चा कायदा जाऊन २०२२ चा आला, त्यात डोळ्याच्या बुबुळासारखी मापंही आली आणि नोंदी ७५ वर्षं ठेवायची तरतूद झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची, आणि झडती-जप्तीचं चित्रीकरण करण्याची तरतूद आहे. मी याचं मनापासून स्वागत करते. आमच्या वेळी चित्रीकरण असतं तर 'पंचनामा ठाण्यात बसून लिहिला' हा प्रश्न उद्भवलाच नसता. पण पंच अजून लागतातच. कार्यालयात पोलीस ठाण्याचं पत्र आलं की नवी मुलं रजेचा अर्ज शोधायला लागतात. मी त्यांना बोलावून बसवते. कोर्टाचा दिवस कामाचाच धरतात, हजेरीचा दाखला मिळतो, हे आधी सांगते, कारण निम्मी भीती त्याचीच असते. मग सांगते की वस्तूवर काही लिहिलेलं, खरवडलेलं, तुटलेलं दिसलं तर ते लिहायला लावा, कुणाला क्षुल्लक वाटलं तरी. लेबल कोरं असताना सही करू नका, लाख लागताना तिथेच थांबा. पंचनाम्याची तारीख आणि गुन्हा क्रमांक आपल्या वहीत टिपून ठेवा, समन्स यायला वर्षं जातात.

अपिलाची सुनावणी अजून व्हायची आहे. तोवर मुद्देमाल नष्ट करायचा नाही असा आदेश आहे, त्यामुळे ते खोकं लेबलासकट न्यायालयाच्या ताब्यात आहे.